दोन दूरच्या शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत बहुतेक ठिकाणी सिंगापूर–न्यूयॉर्क हीच जोडी घेतली आहे. नियमित प्रवासी उड्डाणांमधल्या सर्वांत लांब मार्गांपैकी हा एक, त्यामुळे अंतर आणि वेळ यांच्यातले सगळे गोंधळ इथे ठळक दिसतात. रीत मात्र कुठल्याही दोन शहरांना लागू पडते.

सिंगापूर ते न्यूयॉर्क अंतर नक्की किती? एकीकडे १५,३४९ दिसतं, दुसरीकडे ९,५३७, तिसरीकडे ८,२८८.

तिन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत. पहिला किलोमीटरमध्ये, दुसरा साध्या मैलांत आणि तिसरा सागरी मैलांत. एक साधा मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक सागरी मैल वापरतात. विमान कंपन्यांच्या ‘माइल्स’ योजनांमध्ये अंतर मोजलं जातं तेव्हा साधारणपणे साधे मैल धरलेले असतात. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं दिसलं तर आधी कोणते मैल ते पाहा. चुकीचा गुणक लावला की १५ टक्क्यांचा फरक पडतो.

चौथा आकडाही भेटतो, १६,००० किलोमीटरच्या वरचा. तो त्या दिवशी विमानाने प्रत्यक्ष कापलेल्या वाटेचा असतो आणि रोज बदलतो. आधीचे तीन आकडे विमानतळ जागचे हलत नाहीत तोवर तेच राहणार.

हे अंतर स्वतः काढता येतं का?

येतं. त्रिकोणमितीची फलं असलेला कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट पुरे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांशात घ्या. सिंगापूरचा चांगी विमानतळ १.३६ उत्तर, १०३.९९ पूर्व, न्यूयॉर्कचा जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे धरायचे.

१. रेखांशांतला फरक काढा: १०३.९९ वजा (उणे ७३.७८), म्हणजे १७७.७७ अंश.
२. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.०१५५.
३. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा: उणे ०.७५८०.
४. दोन्हींची बेरीज करा: उणे ०.७४२६. हिचा व्यस्त कोसाइन १३७.९५ अंश.
५. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.१९५ किलोमीटर. गुणाकार साधारण १५,३४० किलोमीटर.

संकेतस्थळांवरचा आकडा यापेक्षा नऊ-दहा किलोमीटरने जास्त येतो, कारण ती पृथ्वीला ध्रुवांपाशी किंचित चपटी धरतात. आपण ती गोल धरली. इतक्या अंतरात एवढा फरक सोडून द्यायला हरकत नाही.

चुका ठरावीक जागी होतात. स्प्रेडशीटमधली फलं अंश घेत नाहीत, रेडियन घेतात. आधी रूपांतर केलं नाही तर उत्तर निरर्थक येतं आणि ते लगेच लक्षातही येतं. लक्षात न येणारी चूक उणे चिन्हाची. न्यूयॉर्कच्या रेखांशाचं उणे विसरलात तर उत्तर सुमारे ५,३०० किलोमीटर येईल. दिसायला आकडा ठीकठाक, पण तो बिंदू किर्गिझस्तानात पडतो. म्हणून आकडेमोड झाली की एकदा पृथ्वीगोलाकडे नजर टाकावी.

नकाशावर विमानाची वाट कमानीसारखी वाकडी दिसते. सरळ का जात नाहीत?

वाट सरळच असते, वाकडा असतो तो नकाशा. गोलाच्या पृष्ठभागावर दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. बृहद्वृत्त म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारं वर्तुळ. सपाट नकाशावर ते पसरवलं की उत्तर गोलार्धात वर आणि दक्षिण गोलार्धात खाली फुगलेलं दिसतं.

नेहमीच्या मर्केटर नकाशावर सिंगापूर आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलेत तर ती ‘सरळ’ रेषा सुमारे १८,५०० किलोमीटरची भरते, म्हणजे तीन हजारांहून जास्त किलोमीटरचा भुर्दंड. खरा जवळचा मार्ग सिंगापूरहून जवळजवळ थेट उत्तरेला निघतो, उत्तर ध्रुवापासून जेमतेम २८० किलोमीटरवरून जातो आणि पलीकडे कॅनडावरून खाली उतरतो. एक दोरा आणि पृथ्वीगोल घेऊन हे दोन मिनिटांत पडताळता येतं.

मग विमान त्याच मार्गाने जातं का?

क्वचितच. मोजलेलं अंतर आणि उडालेलं अंतर यांत फरक पडण्याची कारणं अनेक, आणि प्रवासाचा वेळ खरं तर तीच ठरवतात.

पहिलं कारण वारा. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारं विमान बहुधा पॅसिफिक महासागरावरून पूर्वेकडे वळतं. ही वाट जवळच्या मार्गापेक्षा अनेकदा हजारभर किलोमीटरने किंवा त्याहूनही लांब असते, पण पाठीशी जेट प्रवाह, म्हणजे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, मिळाला की वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६मध्ये हेच केलं. अटलांटिकची सुमारे १३,९०० किलोमीटरची वाट सोडून पॅसिफिकची सुमारे १५,३०० किलोमीटरची धरली, आणि प्रवास जवळपास दोन तासांनी कमी झाला. अंतर वाढलं, वेळ घटला. या एका उदाहरणात विषयाचं मर्म आहे.

दुसरं कारण बंद आकाश. फेब्रुवारी २०२२पासून युरोपीय संघातल्या कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. हेलसिंकी–टोकियो हा मार्ग आधी साडेनऊ तासांच्या आसपासचा होता. फिनएअरला तो उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून करावा लागला आणि वेळ तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही शहरं होती तिथेच आहेत.

तिसरं कारण, आणीबाणीत उतरायला जागा. दोन इंजिनांच्या विमानाला, विशेष परवानगी नसेल तर, एका इंजिनावर साठ मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ सतत टप्प्यात ठेवावा लागतो. ही मर्यादा वाढवून देणाऱ्या परवानगीला ‘ईटॉप्स’ म्हणतात. १९८५मध्ये ती १२० मिनिटं झाली, पुढे १८०. एअरबस ए३५०ला तर २०१४मध्ये ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली. उत्तर अटलांटिकवर याचा फारसा जाच होत नाही. सिडनी–सांतियागोसारख्या दक्षिण गोलार्धातल्या मार्गांवर मात्र खाली अंटार्क्टिकाच्या दिशेचा समुद्र आणि विमानतळ बोटांवर मोजण्याइतके, तिथे या मर्यादेने वाट स्पष्टपणे सरकते.

तिबेटचं पठारही असंच टाळलं जातं. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला सुमारे १०,००० फुटांवर उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन थोडीच मिनिटं पुरतो. पठाराची जमीनच त्याहून उंच आहे.

दोन शहरांमधला उड्डाणाचा वेळ अंदाजे कसा काढायचा?

जवळच्या मार्गाच्या अंतरात पाच टक्के मिळवा, ९००ने भागा, वर चाळीस मिनिटं घाला. पाच टक्के वळशासाठी. ९०० हा रुंद विमानांचा ताशी वेग. चाळीस मिनिटं टॅक्सी (म्हणजे विमानाचं गेट आणि धावपट्टी यांमधलं जमिनीवरचं चालणं), संथ चढण आणि उतरण्याच्या रांगेसाठी.

सिंगापूर–न्यूयॉर्क: १५,३४० चे १६,१०७ झाले, भागिले ९०० म्हणजे १७ तास ५४ मिनिटं, अधिक चाळीस. उत्तर साधारण साडेअठरा तास. वेळापत्रकात या मार्गाला अठरा ते एकोणीस तास दिलेले असतात, तेव्हा अंदाज बरा आहे.

९०० हा आकडा हवेतून आला नाही. लांब पल्ल्याची विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीने उडतात. ११ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं, तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. त्याचे ८५ टक्के म्हणजे ९००. ए३२० किंवा बोइंग ७३७ असेल तर ०.७८ धरा, वेग ८३० येईल. हजार किलोमीटरच्या आतल्या उड्डाणांना हे सूत्र लावू नका. तिथे चढण्या-उतरण्यातच निम्मा वेळ जातो.

हा अंदाज वारा शून्य धरून आहे. पूर्व–पश्चिम मार्ग असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

जायला सात तास आणि यायला आठ, असं का?

जेट प्रवाहामुळे. मध्य अक्षांशांवर ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उबदार हवा यांतल्या तफावतीवर त्याचा जोर अवलंबून असतो, म्हणून हिवाळ्यात तो सर्वांत जास्त.

न्यूयॉर्क–लंडन अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. वारा नसता तर ९०० वेगाने ६ तास १० मिनिटं हवेत. ताशी १३० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर जमिनीसापेक्ष वेग १,०३० आणि वेळ ५ तास २३ मिनिटं. तोच वारा समोरून आला तर वेग ७७० आणि वेळ ७ तास १२ मिनिटं. गंमत बघा: जाताना ४७ मिनिटं वाचली, येताना ६२ गेली. वाऱ्याचा फायदा आणि तोटा एकमेकांना कधीच पुरते फेडत नाहीत, कारण उलट वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं.

फेब्रुवारी २०२०मध्ये वादळामुळे जेट प्रवाह इतका तेज झाला होता की ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. उलट दिशेच्या विमानांनी त्या रात्री काय सोसलं असेल याची कल्पना करा.

उत्तर अटलांटिकवरच्या वाटा याच कारणाने रोज नव्याने आखल्या जातात: पूर्वेकडे जाणाऱ्यांना प्रवाहात, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना प्रवाह टाळून. उत्तर–दक्षिण मार्गांवर जाण्या-येण्यातला हा फरक फारच कमी असतो.

पृथ्वी फिरते म्हणून पश्चिमेकडे लवकर पोहोचायला हवं ना?

नाही. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत उडतं. उलट अनुभव येतो तो वर सांगितलेल्या वाऱ्यामुळे.

समोरच्या पडद्यावर वेग ताशी १,१५० किलोमीटर दिसतो. विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला का?

पडद्यावर जमिनीसापेक्ष वेग असतो. आजूबाजूच्या हवेसापेक्ष विमान ९००नेच चाललेलं असतं, उरलेले २५० वाऱ्याचे.

तिकिटावरचा वेळ आणि वैमानिकाने सांगितलेला वेळ वेगळा का असतो?

तिकिटावर ‘ब्लॉक टाइम’ असतो. विमान गेटवरून मागे सरकलं तेव्हापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा. वैमानिक बहुतेक वेळा फक्त हवेतला वेळ सांगतो. दोन्हींत वीस मिनिटांपासून तासभरापर्यंत फरक पडतो. गर्दीच्या विमानतळावर संध्याकाळी धावपट्टीसाठी रांग लागते तेव्हा जास्त.

शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी उसंत राखून ठेवतात, म्हणजे उशिरा सुटूनही विमान ‘वेळेवर’ पोहोचतं. ‘आपण पंचवीस मिनिटं आधी पोहोचलो आहोत’ ही घोषणा ऐकून वैमानिकाचं कौतुक करायला हरकत नाही, पण श्रेय बरंचसं वेळापत्रकाचं असतं. आणि आधी पोहोचलं म्हणजे गेट रिकामं असेलच असं नाही.

उशिरा सुटलेलं विमान वेग वाढवून वेळ भरून का काढत नाही?

वाढवायला जागाच कमी. ०.८५ चं ०.८६ केलं तर पंधरा तासांच्या उड्डाणात दहा मिनिटं वाचतात, आणि हवेचा रोध मात्र तिथून पुढे झपाट्याने वाढतो, म्हणजे इंधन. सरळ वाट मिळाली तर त्याहून जास्त वेळ वाचतो.

सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ तिकिटावर आहे. त्यावरून प्रवासाचे खरे तास कसे काढायचे?

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक असतात. नुसती वजाबाकी केलीत तर फसाल. दोन्ही आधी एकाच प्रमाणवेळेत आणा.

जानेवारीत सिंगापूर न्यूयॉर्कच्या १३ तास पुढे असतं. समजा विमान १० तारखेला रात्री ११.३०ला सिंगापूरहून निघालं आणि साडेअठरा तास उडालं. सिंगापूरच्या घड्याळात ११ तारखेचे संध्याकाळचे ६ झाले. १३ तास वजा केले की न्यूयॉर्कला ११ तारखेचे पहाटेचे ५. कागदावर प्रवास साडेपाच तासांचा दिसतो. परतताना १० तारखेला रात्री १०.३०ला न्यूयॉर्क सोडलं तर सिंगापूरला १२ तारखेला सकाळी ६ वाजता पाय ठेवाल. हॉटेलचं आरक्षण एक दिवस आधीचं करून ठेवण्याची चूक नेमकी इथे होते. तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरांत ‘+१’ किंवा ‘+२’ असतं, ते शोधून वाचा.

जुलैमध्ये हाच फरक १२ तासांचा होतो, कारण न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळ असते आणि सिंगापूरमध्ये नसते. दोन्ही शहरं घड्याळ बदलणारी असतील तर आणखी जपा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेते. ब्रिटन आणि युरोपीय संघ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत लंडन–न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तासांचा असतो. लंडन–सिडनीत तर ऋतूंप्रमाणे ९, १० आणि ११ असे तिन्ही फरक येतात.

पॅसिफिकवर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की तारीख बदलते. सिडनीहून लॉस एंजेलिसला जाणारं विमान स्थानिक वेळेनुसार निघण्याच्या आधीच पोहोचतं. ते चुकीचं छापलेलं नसतं.

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉन-स्टॉप’ एकच का?

नाही, आणि तिकीट काढताना हा फरक महागात पडतो. नॉन-स्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. डायरेक्ट म्हणजे उड्डाणाचा क्रमांक तोच, पण मध्ये थांबा असू शकतो. क्वांटासचं लंडन–सिडनी उड्डाण एकाच क्रमांकाने सिंगापूरमार्गे जातं.

थांब्यामुळे अंतर फार वाढतं का?

थांबा कुठे आहे त्यावर. लंडन–सिडनी जवळचा मार्ग सुमारे १७,००० किलोमीटर. सिंगापूरमार्गे ते सुमारे १७,२०० होतं, दुबईमार्गे १७,५००. वाढ नगण्य, कारण ही शहरं जवळजवळ वाटेवरच आहेत. लॉस एंजेलिसमार्गे गेलात तर २०,८००.

पण अंतर वाढलं नाही म्हणून वेळ वाढत नाही असं नव्हे. उतरणं, टॅक्सी, विमान रिकामं करणं, इंधन, पुन्हा रांग आणि पुन्हा चढण, यांत सर्वांत आटोपशीर थांबाही दोन तास खातो.

जोडउड्डाणासाठी मध्ये किती वेळ ठेवावा?

प्रत्येक विमानतळाची जोडणीची किमान वेळ ठरलेली असते आणि कंपनी त्याहून कमी वेळ ठेवणारं एकत्र तिकीट विकत नाही. पण ती किमान आहे, सोयीची नव्हे. एकाच तिकिटावर, एकाच टर्मिनलमध्ये दोन तास बरे. अमेरिकेत पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं, सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. तिथे तीन तास ठेवा.

दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सगळी जोखीम तुमची. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी असता. अशा वेळी पाच-सहा तास, किंवा सरळ एक रात्र. लांब पल्ल्याची बरीच उड्डाणं दिवसातून एकदाच असतात, पुढचं विमान उद्या.

आणखी एक सापळा: एकाच शहरात उतरून दुसऱ्याच विमानतळावरून निघणं. लंडनला हीथ्रो आणि गॅटविक, न्यूयॉर्कला जेएफके आणि न्यूअर्क, टोकियोला हानेडा आणि नारिता. शोधताना शहराचं नाव टाकलं की सगळे विमानतळ एकत्र येतात. हानेडा आणि नारिता यांत सरळ रेषेतच साठेक किलोमीटर आहेत.

जगातली सगळीच शहरं एकमेकांशी नॉन-स्टॉप का जोडलेली नाहीत?

पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं जवळच्या मार्गाने सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असूच शकत नाहीत. तेवढं उडणं तंत्राच्या आवाक्याच्या अगदी जवळ आलं आहे, परवडणं वेगळं. लांब उडायचं तर जास्त इंधन, आणि ते जास्तीचं इंधन वाहून न्यायला आणखी इंधन. जास्तीच्या वजनाचे दर तासाला ढोबळमानाने तीन-चार टक्के नुसते ते वजन हवेत ठेवण्यात जळतात.

सिंगापूर एअरलाइन्स या मार्गावर ए३५०-९००चा खास लांब पल्ल्याचा प्रकार वापरते. त्याच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं, साध्या प्रकारात १,४१,०००. बदल्यात आसनं फक्त १६१, इकॉनॉमी वर्ग नाहीच. लंडन–सिडनीसाठी क्वांटासने २०२२मध्ये बारा ए३५०-१००० मागवली, त्यांत २०,००० लिटरची जादा टाकी आणि २३८ आसनं; उड्डाण बावीस तासांपर्यंतचं धरलं आहे.

अशा टोकाच्या मार्गांवर हिवाळ्यातला समोरचा वारा हिशेब बिघडवतो. मग माल कमी चढवतात, काही आसनं रिकामी ठेवतात, किंवा वाटेत इंधनासाठी उतरतात. जाहीर केलेला पल्ला आणि रोजचा पल्ला यांत दहा टक्क्यांचं अंतर राहणारच असं धरून चला.

विमान रद्द झालं किंवा फार उशिरा पोहोचलं तर मिळणाऱ्या भरपाईत, किंवा कार्बनच्या हिशेबात, कोणतं अंतर धरतात?

जवळच्या मार्गाचं, उडालेलं नव्हे. युरोपीय संघाच्या २००४च्या २६१ क्रमांकाच्या नियमात भरपाईचे टप्पे १,५०० आणि ३,५०० किलोमीटरवर आहेत: २५०, ४०० आणि ६०० युरो. एकाच तिकिटावर थांबा असेल तरी पहिल्या विमानतळापासून शेवटच्यापर्यंतचं सरळ अंतर मोजतात, टप्प्यांची बेरीज नाही. त्यामुळे ३,४०० किलोमीटरच्या जोडीत तुम्ही ४,२०० किलोमीटर उडालात तरी मधला टप्पाच लागू होतो.

कार्बनच्या हिशेबात आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना वळशासाठी ठरावीक भर घालते: ५५० किलोमीटरच्या आत ५०, ५,५००पर्यंत १००, त्यापुढे १२५ किलोमीटर. सिंगापूर–न्यूयॉर्कवर हजारभर किलोमीटरचा वळसा पडत असताना १२५ फारच तोकडे आहेत. म्हणून इतक्या लांबच्या उड्डाणाचा या संघटनेच्या गणकयंत्राने दिलेला आकडा खालच्या बाजूचा समजा.